अधिवासाचा दाखला आणि पंधरा वर्षांचे कागद

महाराष्ट्रात वैद्यकीय, अभियांत्रिकी किंवा अन्य व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना जे कागद हमखास मागितले जातात, त्यांत 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र' येते. बोलताना त्याला कोणी अधिवासाचा दाखला म्हणते, बहुतेक जण डोमिसाइल म्हणतात. अर्जदार भारताचा नागरिक आहे आणि १५ वर्षे महाराष्ट्रात राहत आला आहे, एवढेच हा कागद सांगतो. पण तेवढ्या आधारावर राज्याच्या वाट्याची जागा मिळते, शिक्षणशुल्काची प्रतिपूर्ती मिळते आणि मध्यमवर्गीय किंवा गरीब घरातल्या मुलाला परवडणारे शिक्षण शक्य होते. मुंबईच्या उपनगरांत सेतू केंद्रांच्या खिडकीवर, कनिष्ठ महाविद्यालयांच्या कार्यालयांत आणि प्रवेशाच्या सुविधा केंद्रांवर हे काम करणाऱ्यांना दर उन्हाळ्यात तोच अनुभव येतो. समोर बसलेले कुटुंब बहुधा पात्र असते. अडते ते पुराव्यापाशी.

राहण्याच्या ठिकाणावरून शिक्षणाचा खर्च ठरावा का, हा प्रश्न स्वतंत्र भारतात फार लवकर न्यायालयात गेला. इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हाच्या मध्य भारत राज्यातल्या विद्यार्थ्यांना कॅपिटेशन फी माफ होती आणि बाहेरच्यांना ती भरावी लागे. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने त्याला आव्हान दिले. डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने राज्याचा नियम वैध ठरवला. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने जन्मस्थानावरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. राहण्याचे ठिकाण ही त्याहून वेगळी गोष्ट आहे, असे न्यायालयाने म्हटले. राज्य आपल्या तिजोरीतून महाविद्यालय चालवते आणि तिथे शिकलेला स्थानिक विद्यार्थी पुढे त्याच राज्यात सेवा देण्याची शक्यता अधिक असते, हा विचार बहुमताला पटला. आजच्या राज्य कोट्याचे मूळ समर्थन हेच आहे.

पुढे या समर्थनाला मर्यादा पडल्या. डॉ. प्रदीप जैन विरुद्ध भारत सरकार या १९८४ च्या निकालात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी स्पष्ट केले की घटनेने नागरिकाला एकच अधिवास दिला आहे, तो भारताचा. राज्यांनी ज्याला अधिवास म्हणायचे ते प्रत्यक्षात कायमचे वास्तव्य असते. सगळ्या जागा स्थानिकांसाठी राखणे त्या निकालाने अमान्य केले. त्यातूनच एमबीबीएसच्या सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याला गेल्या आणि ८५ टक्के राज्याकडे राहिल्या. २९ जानेवारी २०२५ रोजी तन्वी बहल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणात वास्तव्याच्या आधारे आरक्षण ठेवणे चौदाव्या अनुच्छेदाच्या विरोधात असल्याचे सांगितले. एमबीबीएससारख्या पहिल्या पायरीवर मात्र राज्य कोटा टिकून आहे. त्यामुळे बारावी झालेल्या मुलासाठी दाखल्याचे मोल कायम आहे. एमडी किंवा एमएसच्या प्रवेशाला तो पूर्वीसारखा कामी येत नाही.

महाराष्ट्रात या तत्त्वाचा वापर दोन पायऱ्यांवर होतो. पहिली पायरी जागेची. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष अभियांत्रिकीच्या उमेदवारांचे 'टाइप ए' ते 'टाइप ई' असे प्रकार करतो. दहावी आणि बारावी किंवा पदविका महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालेला, आणि इथे जन्मलेला किंवा इथला अधिवास असलेला विद्यार्थी 'टाइप ए' मध्ये येतो. तो त्यात बसत नसेल, पण त्याचा स्वतःचा किंवा आईवडिलांपैकी एकाचा अधिवास महाराष्ट्राचा असेल, तर 'टाइप बी'. आई किंवा वडील केंद्र सरकारच्या अथवा केंद्रीय उपक्रमाच्या नोकरीत असून महाराष्ट्रात बदलून आले असतील, तर 'टाइप सी'. राज्य सरकारच्या नोकरीत असतील किंवा तिथून निवृत्त झाले असतील, तर 'टाइप डी'. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या ८६५ वादग्रस्त गावांतून शिकलेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी 'टाइप ई' आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली मुले आज कर्नाटकात राहतात, तरी त्यांच्यासाठी महाराष्ट्राने हे दार उघडे ठेवले आहे. राज्याला हक्क सोडायचा नसेल, तर वास्तव्याची अट कशी शिथिल होते, याचे हे जिवंत उदाहरण आहे.

वैद्यकीय प्रवेशाचा नियम अधिक कडक आहे. राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून झालेल्या असाव्या लागतात. सरकारी आणि संरक्षण सेवेतल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी काही अपवाद आहेत. राज्याच्या आतही पूर्वी एक वाटणी होती. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशा विभागांत ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना मिळत आणि ३० टक्के इतरांना. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ती रद्द केली. तेव्हापासून मुलुंडचा विद्यार्थी आणि लातूरचा विद्यार्थी एकाच गुणवत्ता यादीत उभे असतात.

दुसरी पायरी पैशाची. महाराष्ट्रात खासगी विनाअनुदानित महाविद्यालयाचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, आलेल्या विद्यार्थ्याला ते लागू होते. स्थानिकाला एक दर आणि बाहेरच्याला दुसरा, असे पत्रक महाविद्यालयाच्या फलकावर दिसत नाही. फरक पडतो तो राज्याच्या प्रतिपूर्तीमुळे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असेल, तर शिक्षणशुल्काचा निम्मा भार राज्य उचलते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने याच उत्पन्नमर्यादेतल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्काची पूर्ण प्रतिपूर्ती मिळू लागली. हे अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावे लागतात आणि तिथेही अधिवासाचा दाखला मागितला जातो. संस्था स्तरावर, म्हणजे मॅनेजमेंट कोट्यातून, प्रवेश घेतला की ही सवलत जाते. म्हणून कॅपमधली जागा, दाखला आणि उत्पन्नाचा पुरावा ही तिन्ही हाताशी असलेल्या घरालाच शिक्षण स्वस्त पडते. यातले एक जरी निसटले, तरी उरलेल्या दोघांचा उपयोग निम्म्यावर येतो.

मुंबई उपनगर हा जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई शहरापासून वेगळा झाला. जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे आणि तालुके तीन: अंधेरी, बोरिवली, कुर्ला. वांद्रे ते जोगेश्वरी हा पट्टा अंधेरी तालुक्यात मोडतो, गोरेगाव ते दहिसर बोरिवलीत, आणि घाटकोपर, भांडुप, मुलुंड, चेंबूर, मानखुर्द हे सगळे कुर्ल्यात. घाटकोपरमधल्या कुटुंबाला पहिला धक्का इथेच बसतो: तालुक्याचे नाव कुर्ला, पण तहसील कार्यालय मुलुंडमध्ये. अर्ज आपले सरकार संकेतस्थळावरून घरबसल्या करता येतो किंवा सेतू केंद्रातून. दोन्ही अर्ज शेवटी त्याच तहसील कार्यालयातल्या टेबलावर पोहोचतात आणि दाखला डिजिटल सहीने निघतो.

या टेबलावर काम करणाऱ्यांना एक साधा हिशेब पहिल्याच हंगामात कळतो. बारावीचा विद्यार्थी १७-१८ वर्षांचा असतो. त्याने १५ वर्षांचे वास्तव्य दाखवायचे म्हणजे वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासूनचे कागद हवेत. पहिली ते बारावीचा काळ शाळा सोडल्याच्या दाखल्यांतून आणि बोनाफाइडमधून सिद्ध होतो. त्याआधीच्या तीनेक वर्षांसाठी मुलाच्या नावाचा कागद जन्मदाखल्यापलीकडे सहसा नसतो. तेवढा काळ आईवडिलांच्या कागदांवर तोलावा लागतो: शिधापत्रिका, घराचा करार, वीजबिल, मालमत्ता कराची पावती, नोकरीचा पुरावा. म्हणून अनुभवी कर्मचारी अर्ज हातात घेताच मुलाचे कागद बाजूला ठेवून आधी वडिलांचे किंवा आईचे सर्वांत जुने कागद मागतो. त्यावरून अर्ज त्रुटीत जाईल की नाही, याचा अंदाज त्याला पहिल्या पाच मिनिटांत येतो.

उपनगरांत नेमके हे जुने कागदच तुटलेले असतात. अंधेरी-बोरिवली पट्ट्यात असंख्य कुटुंबे लिव्ह अँड लायसन्सवर राहतात. करार ११ महिन्यांचा, मग दुसरे घर, मग तिसरे. वीजबिल घरमालकाच्या नावावर, सोसायटीच्या वहीत नाव मालकाचे. कुटुंब २० वर्षे मालाड ते दहिसर या टापूत राहते, पण हातात करार असतात ते शेवटच्या तीन-चार वर्षांचे. बाकीचे घर बदलताना रद्दीत गेलेले. पागडीच्या चाळीतले कुटुंब याहून सुदैवी, कारण भाडेपावत्यांचा गठ्ठा सांभाळलेला असतो. ती चाळ पुनर्विकासात गेली की संक्रमण शिबिराचा पत्ता, नव्या इमारतीचा पत्ता आणि शिधापत्रिकेवरचा जुना पत्ता असे तीन पत्ते तयार होतात. झोपडपट्टी पुनर्वसनात हेच आणखी गुंतागुंतीचे होते. पर्यायी निवासाचा करार जपून ठेवला असेल, तर साखळी जुळते.

वीजबिल हा सर्वांत सहज मिळणारा पुरावा, पण त्यालाही इतिहास आहे. पश्चिम उपनगरांत आणि घाटकोपरकडे जुने बिल रिलायन्सच्या नावाचे असते, २०१८ नंतरचे अदानी इलेक्ट्रिसिटीचे. मुलुंड आणि भांडुपमध्ये वीजपुरवठा महावितरणचा. कंपनी बदलली म्हणजे घर बदलले, असा गैरसमज अर्जदारालाच होतो आणि तो जुने बिल जोडतच नाही. खरे तर एक जुने आणि एक आजचे बिल, एकाच पत्त्यावर, यांच्याइतका बोलका पुरावा क्वचितच असतो. मध्यमवर्गीय वसाहतींत अनेकांनी शिधापत्रिका काढलेलीच नसते, किंवा पांढरी शिधापत्रिका एकदा काढून मुलांची नावे चढवायची राहून गेलेली असतात. सोसायटीच्या अध्यक्षाने दिलेले पत्र पूरक म्हणून चालते, पण केवळ त्यावर काम भागत नाही.

नावातली तफावत हा दुसरा मोठा अडथळा. आईचे माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर. दाक्षिणात्य कुटुंबात वडिलांच्या नावाचे आद्याक्षर शाळेने आडनाव म्हणून लिहिलेले. गुजराती घरात 'भाई' आणि 'बेन' कधी जोडलेले, कधी गाळलेले. उत्तर भारतीय घरात वडिलांचे आडनाव एक आणि मुलाचे दुसरे. घाटकोपर आणि मुलुंडसारख्या बहुभाषिक उपनगरांत अशा फायली रोज येतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र, राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा प्रतिज्ञापत्र यांनी ही गाठ सुटते. पण ती जून महिन्यात सोडवायला घेतली, तर प्रवेशाची पहिली फेरी हातातून जाण्याचा धोका असतो. शैक्षणिक कामाच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. तरी दरवर्षी अनेक पालक बाहेरच्या एजंटाच्या सांगण्यावरून मुद्रांकाचे पैसे मोजून येतात.

काही शंका पुन्हा पुन्हा विचारल्या जातात आणि त्यांची उत्तरे ठाम आहेत. पहिली शंका मंडळाची. सीबीएसई किंवा आयसीएसई शाळेतून दहावी झाली, तर महाराष्ट्राबाहेरचे समजतात का? नाही. मंडळ कोणतेही असो, शाळा महाराष्ट्रात आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. दुसरी शंका जिल्ह्याची. बोरिवलीचे कुटुंब मीरा रोडला गेले म्हणजे ठाणे जिल्ह्यात गेले, विरारला गेले म्हणजे पालघर जिल्ह्यात, आणि मुलुंडचा चेकनाका ओलांडला की पुन्हा ठाणे. जिल्हा बदलला तरी राज्य तेच असल्याने १५ वर्षांची गणना तुटत नाही. फक्त अर्ज आजच्या पत्त्याच्या तहसीलमध्ये करायचा. मूळ गाव रत्नागिरी किंवा सातारा असलेल्यांना गावचे कागदही वास्तव्याचा पुरावा म्हणून जोडता येतात. वापीला चार वर्षे नोकरी करून परतलेल्याचा हिशेब मात्र वेगळा होतो.

तिसरी गोष्ट पालक विचारत नाहीत, आणि तीच सर्वांत महाग पडते. नीटच्या तयारीसाठी मुलाला दहावीनंतर राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवले जाते. तिथे नावापुरत्या शाळेत नाव घालून बारावी राजस्थानातून दिली जाते. मुलाचा जन्म कांदिवलीचा, दहावी कांदिवलीची, आईवडिलांची तीन पिढ्यांची वस्ती मुंबईत. तरी बारावीच्या एका गुणपत्रिकेमुळे तो महाराष्ट्राच्या ८५ टक्के जागांतून बाहेर पडतो. राजस्थानच्या राज्य कोट्यातही त्याला प्रवेश नसतो, कारण तिथला अधिवास नाही. उरतो तो अखिल भारतीय कोटा, नाहीतर अभिमत विद्यापीठांतले लाखांतले शुल्क. शिकवणी कुठेही लावावी, बारावीची परीक्षा महाराष्ट्रातूनच द्यावी, हा सल्ला निकाल लागल्यावर देऊन उपयोग नसतो. तो दहावीच्या वर्षात, शाळेच्या पालकसभेत दिला गेला पाहिजे.

चौथा गोंधळ जातीच्या दाखल्याचा. अधिवासासाठी १५ वर्षे पुरतात, म्हणून महाराष्ट्रातले आरक्षणही मिळेल, अशी परप्रांतातून आलेल्या अनेक कुटुंबांची समजूत असते. जातीच्या दाखल्याची तारीख वेगळी आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ रोजी किंवा त्यापूर्वी कुटुंबाचे वास्तव्य महाराष्ट्रात असल्याचा पुरावा लागतो. स्थलांतरिताला मूळ राज्यातला जातीचा लाभ नव्या राज्यात मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले. त्यामुळे १९८० मध्ये उत्तर प्रदेशातून साकीनाक्याला आलेल्या कुटुंबातला मुलगा अधिवासाचा दाखला मिळवतो, पण प्रवेश त्याला खुल्या प्रवर्गातून घ्यावा लागतो. हे समजावून सांगणे खिडकीमागच्या माणसाच्या कामातला सर्वांत अवघड भाग आहे. नियम स्पष्ट असतो, पण समोरच्या ताईंचा आवाज जड झालेला असतो.

मुदतीबाबत नागरिकाच्या हातात कायदा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत देणे बंधनकारक आहे आणि अधिवासाच्या दाखल्याची मुदत १५ दिवसांची आहे. दाखला वेळेत मिळाला नाही किंवा कारण न देता नाकारला, तर त्याच विभागात पहिले आणि दुसरे अपील करता येते. तिसरे अपील राज्य सेवा हक्क आयोगाकडे जाते. त्यासाठी पावती जपावी लागते. ऑनलाइन अर्जात त्रुटीचा शेरा पडला, तर तो अर्जदाराने स्वतः पाहून कागद पुन्हा चढवायचा असतो. 'अर्ज केलाय, येईल' म्हणून थांबणाऱ्यांचे महिने याच ठिकाणी वाया जातात. दाखला म्हणजे गुणवत्ता नव्हे. पण यादीत नाव लागूनही कागद नसेल, तर ती जागा पुढच्या उमेदवाराकडे जाते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही याच परीक्षेतून जावे लागते, फक्त तिथे शुल्काचा दरच उघडपणे दोन प्रकारचा असतो. राज्य विद्यापीठांत त्या राज्याच्या रहिवाशाला कमी शुल्क आणि बाहेरच्याला कितीतरी अधिक. बहुतेक राज्ये प्रवेशापूर्वी सलग बारा महिन्यांचे वास्तव्य आणि तिथेच राहण्याचा हेतू पाहतात. वाहन परवाना, राज्याचे करविवरण, मतदार नोंदणी हे पुरावे मानले जातात. व्लँडिस विरुद्ध क्लाइन या १९७३ च्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कनेक्टिकटचा नियम रद्द केला, कारण एकदा बाहेरचा ठरलेल्या विद्यार्थ्याला आपण आता इथलेच झालो आहोत, हे सिद्ध करायची संधीच त्या नियमात नव्हती. राज्याने स्थानिकाला प्राधान्य द्यावे, पण स्थानिक असल्याचे सिद्ध करायचा मार्ग बंद करू नये, हे या निकालाचे सार आहे. महाराष्ट्राच्या नियमांकडे पाहतानाही हीच कसोटी लावावी लागते.

त्या कसोटीवर १५ वर्षांची अट चुकीची नाही. राज्याच्या करदात्यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या जागा इथे वाढलेल्या मुलांना आधी मिळाव्यात, यात अन्याय नाही. अन्याय होतो तो पुराव्याच्या ओझ्याच्या वाटणीत. स्वतःच्या मालकीचे घर असलेल्याला खरेदीखत आणि शेअर सर्टिफिकेट पुरते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या रिक्षाचालकाला आणि घरकाम करणाऱ्या बाईला पंधरा वर्षांतले पाच पत्ते जुळवावे लागतात, आणि शुल्काच्या सवलतीची सर्वाधिक गरज त्यांच्याच मुलांना असते. शाळेच्या हजेरीपटावर दहा-दहा वर्षे ज्यांचे नाव आहे, त्यांचे वास्तव्य तपासायला सरकारकडे स्वतःचीच नोंद आहे. ती नोंद मुख्य पुरावा मानली, तर बहुसंख्य फायली एका दिवसात निकाली निघतील.

महसूल विभागाच्या महाराजस्व अभियानात शाळांमध्ये जाऊन दाखले देण्याची पद्धत आहे. ती उपनगरांतल्या प्रत्येक शाळेत, नववी आणि दहावीच्या वर्गांसाठी, दरवर्षी नियमाने राबवली पाहिजे. मे-जूनची गर्दी त्यानेच ओसरेल. पालकांनी करायचे ते फार नाही. घर बदलताना जुना करार आणि एक वीजबिल फाइलमध्ये ठेवावे, शिधापत्रिकेवर मुलांची नावे चढवून घ्यावीत, सर्व कागदांवर नाव एकसारखे आहे का ते दहावीच्या आत पाहावे, बारावी राज्याबाहेरून देण्याआधी त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचावी आणि दाखल्याचा अर्ज दहावीचा निकाल लागताच करावा. एकदा मिळालेला अधिवासाचा दाखला पुढच्या प्रत्येक प्रवेशाला आणि शिष्यवृत्तीला उपयोगी पडतो.